चौथ्या खुर्चीवरून शिकवताना

माझ्याकडे फ्रेंच हॉर्न, म्हणजे वेटोळ्या नळीचं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य, शिकायला पहिल्या तासाला येणाऱ्या कुणालाही मी लगेच वाद्याची पेटी उघडू देत नाही. आधी एक सूर देते आणि तो गायला सांगते. लहान मुलं पटकन गातात. मोठी माणसं इथे हमखास अवघडतात. "मॅडम, गाता येत नाही म्हणूनच तर वाद्य घेतलं," असं कितीतरी जणांनी मला सांगितलंय. मी म्हणते, गाणं नकोच, नुसता सूर धरा. गळा कसा का असेना, दिलेला सूर कानात पोचला की नाही, एवढंच मला बघायचं असतं. पोचला असेल तर हॉर्न येणार याची मला खात्री वाटते. नसेल पोचला तर आधी तेच काम करायचं, मग त्यात काही आठवडे गेले तरी बेहत्तर.

याचं कारण फ्रेंच हॉर्नच्या नळीतच आहे. एफ पट्टीतल्या हॉर्नची वेटोळी सोडवून नळी सरळ केली तर ती साधारण ३.७ मीटर भरेल. ट्रम्पेटची नळी दीड मीटरच्या आसपास. म्हणजे हॉर्नची नळी दुपटीहून लांब, आणि तरी दोघांचा वाजवायचा पट्टा बराचसा एकमेकांवर येतो. कुठलाही व्हॉल्व्ह, म्हणजे नळीची लांबी बदलणारी झडप, न दाबता, केवळ ओठ आणि श्वास बदलून, अशा नळीतून जे सूर निघतात त्यांचा क्रम ठरलेला असतो. तळाशी सा, मग वरचा सा, मग प, पुन्हा सा, ग, प, थोडा उतरलेला कोमल नी, आणि आठव्या जागी परत सा. इथपर्यंत सुरासुरांत मोकळी जागा आहे. आठव्याच्या वर दाटी सुरू होते. सा, रे, ग, त्यानंतर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अधेमधे लटकणारा अकरावा, मग प, आणि असं करत सोळाव्या जागी पुन्हा सा. या शिडीच्या खालच्या, लांब लांब पायऱ्यांवर ट्रम्पेटवाल्याचं बहुतेक काम भागतं. हॉर्नवाल्याला वरच्या, एकमेकींना चिकटलेल्या पायऱ्यांवर उभं राहून वाजवायचं असतं.

म्हणून बोटं अगदी बरोबर असूनही सूर चुकतो. तेच व्हॉल्व्ह, तीच नळी, आणि हवा असलेला सूर सोडून ओठ शेजारच्या सुरावर जाऊन पडतात. पियानोवर पट्टी दाबली की सूर मिळतो, हॉर्नवर बोटं फक्त नळीची लांबी ठरवतात. त्या लांबीतला नेमका कुठला सूर वाजणार हे ओठ ठरवतात, आणि ओठांना ते कानाकडून कळतं. असा सूर फुटला की सभागृहात सगळ्यात मागे बसलेल्या श्रोत्यालाही समजतं. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीभोवती फिरतं: वाजवण्याच्या आधी सूर ऐकू आला पाहिजे.

हे माझं स्वतःचं संशोधन नाही. माझ्या सरांनी मला असंच शिकवलं. शाळेच्या बँडमध्ये मी आधी क्लॅरिनेट वाजवत होते. हॉर्न वाजवणारी मुलगी शाळा सोडून गेली आणि तिचं वाद्य कपाटात पडून राहिलं. मी ते मागून घेतलं. कारण साधं होतं. बँडमध्ये मी तिच्या पुढच्या रांगेत बसायचे आणि तिचा आवाज माझ्या पाठीमागून यायचा, थेट नाही, मागच्या भिंतीवर आपटून. तो आवाज मला फार आवडायचा. वयाच्या तेराव्या वर्षी वाद्य बदलणं उशिराचं आहे असं तेव्हा काहींनी सुचवलं, पण सरांनी तो विषयच संपवला. क्लॅरिनेटने मला वाचायला शिकवलंय, श्वास घ्यायला शिकवलंय, उरलेलं आपण करू, असं ते म्हणाले.

सर आयुष्यभर दुसऱ्या आणि चौथ्या खुर्चीवर वाजवत आले होते. हॉर्न सेक्शनची ही रचना बाहेरच्या माणसाला विचित्र वाटते. चार हॉर्न असतात, पण उंच सुरांचं काम पहिला आणि तिसरा करतात, खालच्या सुरांचं दुसरा आणि चौथा. व्हॉल्व्ह नव्हते तेव्हा ऑर्केस्ट्रात हॉर्न जोडीजोडीने बसत. एक जोडी एका पट्टीत, दुसरी जोडी दुसऱ्या पट्टीत, आणि प्रत्येक जोडीत एक वरचा आणि एक खालचा. ती वाटणी आजही तशीच चालू आहे. १८२१ सालच्या वेबरच्या 'फ्रायशुट्झ' ऑपेराच्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे आरंभीच्या वादनात, सुरुवातीलाच चार हॉर्नचा जो भाग आहे त्यात हे लख्ख दिसतं. एक जोडी एफमध्ये, दुसरी सीमध्ये, आणि दोघी आळीपाळीने एकमेकींचं वाक्य पुरं करतात.

पुढे रीतसर शिक्षण झालं, परीक्षा झाल्या, आणि मी ऑर्केस्ट्रात चौथ्या हॉर्नवर लागले. बरीच वर्षं तिथेच होते. लोक विचारत, पहिल्या खुर्चीवर कधी जाणार? मला तिकडे जायचं नव्हतं. चौथा हॉर्न म्हणजे सेक्शनचा खर्ज. पहिला हॉर्न वर सोलो वाजवत असतो तेव्हा त्याला पायाखाली जमीन लागते, आणि ती जमीन मी देत असे. चारही हॉर्न मिळून एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा मेळ, धरतात तेव्हा सगळ्यात खालचा सूर जरा जरी हलला तरी वरचे तिघंही डळमळतात. गांधार ज्याच्याकडे असेल त्याने तो पियानोच्या गांधारापेक्षा १४ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) खाली घ्यायचा असतो, तरच कॉर्ड बसते. पण कुणापासून खाली? माझ्यापासून. मी कुठे आहे हे त्याला ऐकू यायला हवं. त्या खुर्चीवर बसून मी ऐकायला शिकले, आणि जे शिकले तेच आता शिकवते आहे.

माझ्या मागच्या पिढीत या खुर्च्यांवर बायका फार कमी दिसत. हेलन कोटास १९४१ साली शिकागो सिम्फनीत पहिल्या हॉर्नवर आल्या, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. सारा विलिस २००१ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये आल्या. त्या ऑर्केस्ट्राच्या ब्रास, म्हणजे पितळी वाद्यांच्या, विभागातली पहिली बाई, आणि तीही चौथ्या हॉर्नवर! ती बातमी कळली तेव्हा मला झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी ही नावं आवर्जून सांगते. "या वाद्याला मुलींची फुप्फुसं पुरत नाहीत" असलं काहीतरी घरी-दारी ऐकून त्या आलेल्या असतात. फुप्फुसांचा इथे प्रश्नच नाही. हॉर्नच्या माउथपीसचं, म्हणजे ओठांना लावायच्या भागाचं, भोक अगदी बारीक असतं. त्यातून एका वेळी जाणारी हवा फार थोडी. लागतो तो अखंड, न थरथरणारा श्वास.

आता सरांच्या एका सवयीबद्दल, कारण ती मी जशीच्या तशी उचलली आहे. सर कधीच समोर बसत नसत. उजवीकडे मागे, बेलच्या, म्हणजे हॉर्नच्या पसरट तोंडाच्या, अंगाला खुर्ची टाकून बसायचे. हॉर्नची बेल मागे तोंड करून असते. वाजवणाऱ्याला जो आवाज ऐकू येतो त्यात त्याच्या स्वतःच्या हाडांतून येणारा आवाज असतो आणि भिंतीवरून परतलेला असतो. बेलमधून निघणारा आवाज वेगळाच असतो. समोर बसलेल्या शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसतो आणि तो चेहऱ्याबद्दल बोलत राहतो. मागे बसलेल्याला सूर ऐकू येतो. माझ्या खोलीत विद्यार्थ्याच्या मागे दोनेक मीटरवर उघडी भिंत आहे आणि तिच्यावर सरकता जाड पडदा आहे. पडदा उघडा असला की आवाज गोल आणि मोठा वाटतो, ओढला की कोरडा, उघडा पडल्यासारखा. एकच ओळ दोन्ही परींनी वाजवून घेते. पडदा ओढल्यावर बहुतेक जण नकळत जोर लावायला लागतात. आपण जोर लावतोय हे त्यांना जाणवलं, की मग आम्ही बोलतो.

ओठांबद्दल मी मुद्दामच कमी बोलते. माउथपीसचा साधारण दोन तृतीयांश भाग वरच्या ओठावर, एक तृतीयांश खालच्यावर, ओठांचे कोपरे घट्ट आणि मध्य मोकळा. एवढं सुरुवातीला लागतं. दातांची ठेवण प्रत्येकाची निराळी, म्हणून यात थोडं इकडे-तिकडे होणारच. आरशासमोर तासन्‌तास उभं राहून ओठांची घडी तपासणारे विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांचा चेहरा सुबक असतो आणि सूर कोंडलेला असतो. मला त्याची भीती वाटते. ज्याला सूर ऐकू येतो त्याचे ओठ हळूहळू आपसूक त्या जागी येतात. माझं काम एवढंच, की वाटेत काही अपायकारक घडत नाही ना ते पाहणं. सगळ्यात अपायकारक म्हणजे उंच सुरासाठी माउथपीस ओठांवर दाबणं. दाबलं की सूर लागतो, म्हणूनच ती सवय धोक्याची. थोड्या वेळात ओठातलं रक्त अडतं, ओठ बधिर होतो, आणि मग आणखी दाबावं लागतं. मी डाव्या हाताची करंगळी हॉर्नवरच्या तिच्या आकड्यातून (हुकातून) काढायला लावते आणि तोच सूर परत वाजवायला सांगते. करंगळीने हॉर्न तोंडावर ओढता येत नाही, मग काम श्वासाला करावं लागतं.

उजव्या हाताबद्दल मात्र मी भरपूर बोलते. इतकं, की काही पालकांना वाटतं तास वाया चालला आहे. उजवा हात बेलमध्ये नुसता ठेवायला म्हणून नसतो. बोटं एकमेकांना चिकटलेली, मध्ये फट नको, अंगठा तर्जनीला लागून, आणि बोटांची पाठ बेलच्या आतल्या बाजूला, आपल्या शरीरापासून दूरच्या भिंतीला टेकलेली. तळहात थोडा खोलगट. हात बाहेर काढला की सूर चढतो आणि आवाज उघडाबोडका, करकरीत होतो, कारण वाद्य बनवतानाच तिथे हात असणार हे धरलेलं असतं. हात हळूहळू मिटत नेला की सूर उतरत जातो, आवाज दबतो. आणि हात पूर्ण दाबून बेल बंद केली की एकदम धातूसारखा, झणझणीत आवाज येतो आणि सूर अर्धा स्वर वर गेलेला असतो. हे पहिल्यांदा करणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मी म्हणते, पुन्हा कर, आणि या वेळी डोळे मीट.

हाताची ही विद्या अठराव्या शतकातली. ड्रेस्डेनच्या आंतोन योझेफ हाम्पेल यांचं नाव तिच्याशी जोडलं जातं. त्यांचा शिष्य जोव्हान्नी पुन्तो इतका तयार झाला, की १८०० साली बेथोव्हेनने त्याच्यासाठी हॉर्न आणि पियानोचा सोनाटा लिहिला. मोझार्टने आपले हॉर्न कॉन्चर्टो, म्हणजे एकल हॉर्न आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचना, लिहिल्या ते योझेफ लॉइटगेबसाठी. त्याच्या हॉर्नलाही एकही व्हॉल्व्ह नव्हता. व्हॉल्व्हचं पेटंट श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी घेतलं ते १८१८ मध्ये. त्याआधी नळीतून मिळणाऱ्या सुरांच्या मधले सगळे सूर उजव्या हाताने बनवावे लागत. आणि व्हॉल्व्ह आल्यानंतरही ब्राम्सने १८६५ सालचं आपलं हॉर्न त्रिकूट साध्या, व्हॉल्व्ह नसलेल्या हॉर्नचा आवाज मनात धरूनच लिहिलं. हॉर्नचे व्हॉल्व्ह डाव्या हाताला का, याचं उत्तर यातच आहे. उजवा हात आधीच कामात होता.

हा इतिहास मी पुस्तकातून वाचून दाखवत नाही, हातातून करून घेते. मोझार्टचा १७८६ सालचा कॉन्चर्टो ई फ्लॅट हॉर्नसाठी आहे. आजच्या एफ हॉर्नवर पहिला व्हॉल्व्ह दाबून धरला की नळी एका स्वराने लांबते आणि तो ई फ्लॅट हॉर्न होतो. म्हणजे लॉइटगेबच्या हातात होती तेवढीच नळी. मग बोट अजिबात न उचलता, फक्त ओठ आणि उजवा हात वापरून, शेवटच्या भागाची शिकारीच्या चालीची पहिली ओळ वाजवायची. आधी ती गावी लागते. गायल्याशिवाय कुणालाही ती सापडत नाही, हे मी अनुभवाने सांगते. एकदा सापडली, की तीच ओळ व्हॉल्व्ह वापरून वाजवताना विद्यार्थ्याचा सूर पार बदललेला असतो. बोटांवरचा भरवसा कमी होतो, कानावरचा वाढतो. मला वाटतं प्रत्येक शिक्षकाने पहिल्या वर्षातच हे करून घ्यावं, नैसर्गिक हॉर्न ही तज्ज्ञांची खासियत म्हणून बाजूला ठेवू नये.

आठवीतला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याच्या वहीत प्रत्येक सुरावर पेन्सिलने बोटांचे आकडे लिहिलेले. एक, दोन-तीन, अंगठा, पुन्हा एक. आकडे सगळे बरोबर होते. तो वाजवायला लागला की मात्र निम्मे सूर शेजारच्या घरी जायचे आणि तो थांबून आकड्याकडे बघायचा. बोट तर बरोबर आहे! मग पुन्हा तोच सूर, पुन्हा तेच. मी खोडरबर दिलं आणि पहिल्या चार ओळींचे आकडे पुसायला सांगितले. त्याला ते फार जिवावर आलं. नंतर मी त्याला चार सूर दिले, चारही एकाच बोटांवर वाजणारे, व्हॉल्व्ह न दाबता. "आता आकडा एकच आहे, शून्य. आणि सूर चार आहेत. सांग, कसा शोधशील?" तो बराच वेळ गप्प होता. मग हलक्या आवाजात त्याने पहिला सूर गायला, हॉर्न उचलला आणि वाजवला. लागला. दुसराही तसाच. तिसऱ्याच्या वेळी तो गायलाच नाही, तोंड मिटून नुसता ऐकत थांबला आणि मग वाजवला. तो थांबण्याचा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या एका श्वासात सूर मनात तयार होत असतो. मी त्या जागी कधीही बोलत नाही, ताल धरत नाही, "चल" म्हणत नाही.

सूर फुटण्याची भीती हा हॉर्नवाल्यांचा जुना आजार. भीती वाटली की माणूस श्वास कमी घेतो, आवाज लहान करतो, सुरात हळूच शिरायला बघतो. आणि हॉर्नवर हळूच शिरलेला सूर सगळ्यात जास्त फुटतो, कारण ओठांना कंप पावायला हवाच पुरत नाही. म्हणून माझ्या खोलीत फुटलेल्या सुरावर कुणी थांबत नाही. ओळ पुरी करायची. संपल्यावर मी एकच विचारते: "फुटला तो वर गेला की खाली?" हे सांगता येणं म्हणजे अर्धं काम झालं. वर गेला असेल तर जोर जास्त होता किंवा ओठ आधीच आवळले होते. खाली गेला असेल तर श्वास मागे राहिला. आणि काहीच सांगता आलं नाही तर तो सूर मुळात ऐकूच आला नव्हता, मग परत गाण्याकडे. यात रागवण्यासारखं काही नसतं. माहिती असते.

हॉर्नवादक डेनिस ब्रेन यांचं १९५३ सालचं मोझार्टच्या कॉन्चर्टोंचं ध्वनिमुद्रण, संचालक कारायान आणि फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचं, मी प्रत्येकाला ऐकवते. ब्रेन १९५७ मध्ये मोटार अपघातात गेले, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्यांच्या वादनातला अचूकपणा वाखाणला जातो, तो योग्यच आहे. मी मात्र विद्यार्थ्याला वेगळंच ऐकायला सांगते. प्रत्येक ओळीची सुरुवात ऐक. कुठेही चाचपडणं नाही. सूर आधीपासून चालूच होता आणि आपल्याला आत्ता ऐकू आला, अशी ती सुरुवात असते. संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९४३ मध्ये ब्रेन यांच्यासाठी जी 'सेरेनेड' लिहिली तिचा आरंभ आणि शेवट व्हॉल्व्हशिवाय, केवळ नळीच्या स्वाभाविक सुरांवर वाजवायचा आहे. तो उतरलेला सातवा, तो अधांतरी अकरावा, सगळे जसेच्या तसे. पहिल्यांदा ऐकणारा म्हणतो, हे बेसूर आहे. आपण ते सूर वाजवून पाहिलेले असले की बेसूर वाटत नाहीत, ओळखीचे वाटतात.

रियाजाबद्दल माझी मतं ठाम आहेत. सलग दोन तास वाजवू नये. वीस-पंचवीस मिनिटं वाजवावं, तेवढीच विश्रांती घ्यावी, परत वाजवावं. ओठ हा लहानसा स्नायू आहे, दमला की तो चुकीच्या सवयी शिकतो. दिवसाची सुरुवात खालच्या सुरांनी करावी, लांब, सावकाश, एका श्वासात एक. मी चौथ्या हॉर्नवाली म्हणून हे सांगते असं समजू नका. उंच वाजवणाऱ्यांनाही खर्जाने ओठ सैल आणि आवाज भरदार होतो. रियाजाच्या वेळी एक अखंड सूर लावून ठेवायचा आणि त्याच्याशी जुळवून स्केल, म्हणजे सरगम, वाजवायची. सूर दाखवणारं यंत्र मी फार वापरू देत नाही. त्यातला काटा डोळ्यांना शिकवतो, कान तसाच राहतो. कोप्राशचे साठ एट्यूड, म्हणजे सरावाचे धडे, एकोणिसाव्या शतकापासून हॉर्नवाल्यांच्या पाचवीला पुजलेले आहेत, ते मीही देते. पण एक-एक एट्यूड वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवायचा. एफमध्ये, मग ई फ्लॅट, डी, सी. जुन्या ऑर्केस्ट्रा संगीतात हॉर्नचे भाग सगळ्या पट्ट्यांत लिहिलेले सापडतात आणि ते बघता बघता बदलून वाजवावे लागतात. ज्याला सूर ऐकू येतो त्याला हे जड जात नाही.

वाद्याबद्दल थोडक्यात. लहान मुलाला जड डबल हॉर्न देण्याची घाई करू नये, सिंगल हॉर्नने सुरुवात चालते. वाद्य बनवणाऱ्या क्रुस्पे यांच्या १८९७ च्या कामापासून एफ आणि बी फ्लॅट एकाच वाद्यात आले, आणि पुढे डबल हॉर्न घ्यावाच लागतो. जुना हॉर्न घेताना व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, ओढून पाहावी. टप असा आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे, फुसकन हवा गेली तर झिजला आहे. तेल नियमित घालावं. आत साठलेलं पाणी काढताना वाद्य कसं फिरवायचं ते मी पहिल्याच महिन्यात दाखवते.

खासगी शिकवणी का, गट का नाही, असं मला विचारतात. मी काही काळ एका संस्थेत गटाने शिकवलं आहे. अर्ध्या तासात पाच-सहा मुलं, निरनिराळी ब्रास वाद्यं, एकच पुस्तक. त्यात हॉर्नच्या मुलाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन एकदम वाजत असताना त्याला स्वतःचा सूर ऐकूच येत नाही, आणि ज्या वाद्यात ऐकणं हेच सर्वस्व आहे तिथे तो आंधळेपणाने बोटं हलवायला शिकतो. मग ती सवय मोडायला पुढे वर्ष जातं. म्हणून मी एका वेळी एकालाच घेते. मात्र महिन्यातून एकदा चार जणांना एकत्र बोलावते आणि वेबरचं ते चार हॉर्नचं पान काढते. दर खेपेला खुर्च्या बदलतात. जो मागच्या वेळी पहिला होता तो या वेळी चौथा. उंच सूर छान लागणाऱ्या मुलांना खाली बसायला आवडत नाही. एकदा बसली, वरच्या तिघांना आपण धरून ठेवतोय हे कळलं, की पुढच्या वेळी ती खुर्ची मागून घेतात.

सध्या माझ्याकडे एक विद्यार्थिनी आहे, वीसेक वर्षांची. तिच्या ऑर्केस्ट्रात बेथोव्हेनची नववी सिम्फनी आहे आणि ती चौथ्या हॉर्नवर आहे. १८२४ सालच्या या सिम्फनीच्या संथ तिसऱ्या भागात चौथ्या हॉर्नला मोठा सोलो आहे. पहिला हॉर्न शेजारी असताना हे काम चौथ्याकडे दिलंय, याचा मला आजही मनापासून आनंद होतो. खर्जातून निघून वर चढणारी, शांत आणि उघडी ओळ, मध्येच एक अख्खी स्केल. हा भागही ई फ्लॅट हॉर्नसाठीच लिहिलेला. गेल्या तासाला तिला पहिला व्हॉल्व्ह दाबून धरायला सांगितला आणि ती स्केल फक्त हाताने वाजवायला लावली. काही सूर मोकळे लागले, काही हाताखाली दबलेले. सूर पुरेसे नीट लागले नाहीत, तशी अपेक्षाही नव्हती. पण कुठला सूर उजळ आणि कुठला अंधारलेला हे तिने वहीत स्वतःच लिहून ठेवलं. त्यानंतर व्हॉल्व्ह वापरून वाजवताना तिने ती छटा आपणहून ठेवली. आता प्रश्न उरलाय श्वासाचा. स्केलच्या आधी घ्यायचा की दोन सूर अलीकडे? ती म्हणते आधी, मला वाटतं अलीकडे. या शनिवारी पडदा ओढून दोन्ही परींनी वाजवून बघायचं आम्ही ठरवलंय, आणि जे तिच्या कानाला पटेल ते ती ऑर्केस्ट्रात घेऊन जाईल.